दुसऱ्या भागातली नावाडीण

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळत ठेवलं असं कुणी म्हणायला नको. दुसरा भाग भिकार आहे.

तलवारी, जादू, राजे आणि बंडखोर असलेला हा कम्प्युटरवरचा गेम. खेळणारा एका हद्दपार सैनिकाच्या अंगात शिरून मुलूखभर हिंडतो. वाटेत माणसं भेटतात, आपली अडचण सांगतात, पडद्यावर दोन-तीन उत्तरं येतात आणि त्यातलं एक आपण निवडायचं. त्या निवडीवर पुढची गोष्ट ठरते. पहिल्या भागात ठरायची. दुसऱ्या भागात ठरते असं जाहिरातीत लिहिलंय. मी इतकी वर्षं पत्रकं लिहितोय, जाहिरात आणि माल यांच्यातलं अंतर मला कुणी शिकवायची गरज नाही.

चांगलं काय ते आधी, कारण नुसता निषेध करणाऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. घोडा उत्तम. पाऊस आला की त्याची आयाळ मानेला चिकटते. तलवारीला वजन आलंय. पहिल्या भागात ती केरसुणीसारखी हवेत फिरायची; आता ढालीवर बसली की हातातल्या कंट्रोलरला झटका बसतो आणि क्षणभर आपलंच मनगट बधिर होतं. पोहता येतं. पहिल्या भागात आमचा शूर सैनिक कमरेएवढ्या पाण्यात मरायचा. आणि नदी तर अशी काढलीय की मी खेळ थांबवून बघत बसलो. उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी उतरायला लागल्यावर काठाला जसा चिखल राहतो तसा चिखल, चिखलात पक्ष्यांची पावलं, लांब पाण्यात उभी वाळकी झाडं. ज्यानं ती नदी काढली त्याला माझा नमस्कार. त्याच्या शेजारी बसून ज्यांनी गोष्ट लिहिली त्यांना नाही.

नकाशा उघडला की गोवर उठल्यासारख्या खुणा. प्रत्येक खुणेवर कुणीतरी उभं आणि त्याला बारा मुळ्या हव्यात. बारा मुळ्या दिल्या की त्याच्या भावाला अठरा पिसं हवीत. राज्यावर संकट आलंय, सरदार तीन किल्ले बळकावून बसलाय, आणि आम्ही पिसं वेचतोय. गावात शिरलं की लोहार म्हणतो, यंदा हिवाळा कडक आहे. उन्हाळ्यातही म्हणतो. आमच्यासमोर त्याचं घर जळालं तेव्हाही तो हेच म्हणाला.

पण कळस म्हणजे राजसभा. तिथं आपल्याला मोठ्या सन्मानानं विचारतात की शेतसारा माफ करावा की नाही. तीन उत्तरं येतात. कुठलंही निवडा, प्रधान दाढीवरून हात फिरवून म्हणतो, तुझा शब्द लक्षात ठेवला जाईल. पुढच्या गावात सारा वसूल चाललेलाच असतो. मी उसाच्या पट्ट्यात वाढलेला माणूस आहे, साखर कारखान्याची ही वार्षिक सभा मी लांबून ओळखतो. व्यासपीठावरून विषय वाचतात, पुढच्या दोन रांगा "मंजूर, मंजूर" ओरडतात, आणि मागं कुणाचा हात वर असेल तर तो दिसेपर्यंत पंगत बसलेली असते. फरक इतकाच की आमच्याकडं निदान जिलेबी मिळते.

एवढ्यासाठी मी लिहायला बसलो नसतो. भिकार गेम बाजारात येतात आणि जातात. बसलो ते आपाच्या एका मतासाठी. पहिल्या भागात आपानं दिलेलं एक मत तिला दुसऱ्या भागात बदलून हवं होतं. आणि ते मत मुळात मी तिच्याकडून फसवून घेतलं होतं.

आपा म्हणजे माझ्या मित्राची थोरली बहीण. मित्राचं घर इंदापुरात. मी वाढलो वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये. आमची दोस्ती डिप्लोमाला असताना झाली. पुढं तो लोणी देवकरला एका कारखान्यात तपासणीच्या कामाला लागला आणि मी बारामतीत एका कामगार संघटनेत. मित्राच्या घरी पुढच्या खोलीत आपाचं शिलाई मशीन आणि त्याच खोलीत, कपड्यांच्या गठ्ठ्यांशेजारी, मित्राचा कम्प्युटर. दुसरीकडं ठेवायला जागाच नव्हती. म्हणून आम्ही गेम खेळायचो आणि आपा ब्लाउज शिवता शिवता ऐकायची.

ऐकायची म्हणजे मी वाचायचो. सगळं इंग्रजीत. आपा नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली; पेपर पहिल्या पानापासून निधन वार्तांपर्यंत वाचणार, पण इंग्रजी नाही. एक दिवस ती म्हणाली, नुसते ठोंब्यासारखे बसता, ती माणसं काय बोलत्यात ते तरी सांगा. तेव्हापासून मी प्रत्येक संवाद मोठ्यानं मराठीत सांगायला लागलो. राजा आमच्याकडं "आरं ए सैनिका" म्हणायचा. जादूगार बाई सुप्याकडच्या माझ्या आत्यासारखी बोलायची. आपाचं मशीन भांडण आलं की थांबायचं आणि प्रवास आला की चालू व्हायचं.

आता दोघं खेळणारे आणि निवड एक. मित्राचं आणि माझं कधी पटलं नाही. तो माफ करणारा, मी हिशेब चुकता करणारा. पहिल्याच आठवड्यात इतकी वादावादी झाली की आपानं कात्री टेबलावर आपटली आणि म्हणाली, मतदान घ्या. दोघांचं समसमान झालं तर निर्णायक मत तिचं. सहकारी सोसायट्यांच्या तालुक्यातली माणसं आम्ही. मतदान म्हटलं की वही आली. दोनशे पानी वही आणली. विषय, सूचक, अनुमोदक, ठराव, सह्या. "विषय क्रमांक ४ : दलदलीतल्या राक्षसाला जिवंत सोडणेबाबत." इतिवृत्त मी लिहायचो, कारण संघटनेतही मीच लिहायचो. प्रत्येक मतदानाआधी मित्र गेम सेव्ह करून फाइलीला ठरावाचा क्रमांक द्यायचा. जगात कुणी हा गेम असा खेळला नसेल. हसायचं त्यांनी हसावं. राजसभेपेक्षा आमची सभा खरी होती.

खरी होती असं मी म्हणतोय खरं. ठराव क्रमांक एकोणीस सोडून.

त्या वर्षी गावात सोसायटीची निवडणूक होती. दोन पॅनेल. एकाची उपरणी पिवळी, दुसऱ्याची निळी, आणि दोन्ही शिवत होती आपा. पिवळ्या पॅनेलचा म्होरक्या मजूर पुरवणारा ठेकेदार. त्याच्याविरुद्ध मी नुकतंच माझं पहिलं मोठं पत्रक लिहिलं होतं, बारामतीत छापून आणून कारखान्यांच्या फाटकांवर स्वतः वाटलं होतं. आणि इथं माझ्याच मित्राच्या घरात त्या माणसाच्या उपरण्यांचा ढीग. मी आपाला सुनावलं. शोषकांचं काम हातात घेणं म्हणजे काय, यावर मी बरंच बोललो. त्यातला एकही शब्द माझा नव्हता, सगळे पत्रकातलेच. आपानं सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "मी कापड शिवते रं. माणूस न्हाय शिवत."

मला ते लागलं.

त्याच आठवड्यात गेममध्ये नावाडीण आली. नदीच्या घाटावर होडी चालवणारी म्हातारी. आपाला ती पहिल्या वाक्यापासून आवडली. बाकी बायका राण्या नाहीतर चेटकिणी. आपाचं म्हणणं, साऱ्या गेमात कामाला जाणारी बाई ही एवढीच. पण बंडखोर चिडलेले. नावाडिणीनं राजाचे सैनिक पार नेले आणि त्या सैनिकांनी पलीकडं बंडखोरांची माणसं मारली. बंडखोर आम्हाला विचारतात, हिचं काय करायचं? एक, आमच्या हवाली कर. दोन, तिला तिच्या घाटावर राहू दे. उत्तराआधी नावाडीण आपली बाजू मांडते. ती म्हणते, सैनिकांना मी पार केलं. ते काठावर होते, त्यांनी हाक मारली. आणि मग म्हणते, गेल्या हिवाळ्यात तुमची जखमी माणसं याच काठावर होती, त्यांनीही हाक मारली. त्यांना मी फुकट पार केलं, तेव्हा तुम्ही मला काही विचारलं नाहीत.

मी पहिला अर्धा भाग वाचला. हिवाळा वाचला नाही.

विसरलो असं नाही. वाक्य माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला कळलं की हे वाक्य आपानं ऐकलं तर मत कुठं जाणार, आणि मला ते तिकडं जायला नको होतं. मित्राचं लक्ष बटणांवर. त्याचं मत नेहमीप्रमाणं राहू दे. माझं, हवाली कर. आपानं बराच वेळ घेतला. मी मध्येच, कुणी न विचारता, बोललो की मेलेली माणसं मजूर होती. गेममध्ये ती मजूर आहेत असं कुठंही लिहिलेलं नाही. शेवटी आपा म्हणाली, "मग चुकलंच तिचं," आणि माझ्या बाजूनं हात वर केला.

बंडखोरांनी होडी फोडली आणि म्हातारीला मुलखाबाहेर हाकललं. पडद्यावर घाट रिकामा राहिला; त्यानंतर आम्ही तिथून जायचो तेव्हा माणसं डोक्यावर बोजे घेऊन लांबच्या वाटेनं जाताना दिसायची. त्या गेमची ही ताकद होती. तो काही बोलायचा नाही, नुसतं दाखवायचा. आपानं ते पाहिलं. मग कुठलीही नदी आली की ती मशीनवरूनच म्हणायची, बघ रं, तितं ती हाय का. ती कुठंच नव्हती. गेम संपला तरी नव्हती. मी वहीत ठराव लिहिला, तिघांच्या सह्या झाल्या, आणि माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा एक मतदान जिंकलो होतो.

सहा वर्षं गेली. पत्रकं लिहिणं चालूच राहिलं. लोकांपासून माहिती लपवणाऱ्यांवर मी इतकं लिहिलंय की छापखान्यातला जुळणी करणारा मला बघताच म्हणतो, आज कुणी काय लपवलं?

मग दुसऱ्या भागाची जाहिरात आली. पहिल्या भागातला तुमचा प्रत्येक निर्णय जिवंत राहील, असं तीत म्हटलं होतं. मित्रानं फोन करून सांगितलं, आपानं तारीख पेपरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. मी विचारलं, आपाला काय एवढं? तो म्हणाला, नावाडीण.

गुरुवारी त्याच्या कारखान्याला सुट्टी असते. मी सकाळची एसटी धरून बारामतीहून निघालो. भवानीनगर गेलं, जंक्शन नावाचं गाव गेलं, निमगाव केतकीचे पानमळे गेले. मी खिडकीशी बसून मोबाइलवर गेमबद्दल वाचत होतो. दुसरा भाग सुरू होताच म्हणे धर्मशाळेतला एक म्हातारा भेटतो आणि विचारतो, मागं काय काय घडलं ते सांग. जुनी फाइल असली तर तो ती वाचतो. नसली तर आपण तोंडी सांगायचं, हवं तसं. म्हणजे आपाला मत बदलता येणार होतं.

घरात शिरलो तर वही टेबलावर. आपाचे केस कानाजवळ पांढरे झालेले, चष्मा लागलेला, मशीनला मोटर बसलेली. "या पुढारी," ती म्हणाली. चहा झाला. मित्रानं गेम सुरू केला, धर्मशाळेतला म्हातारा आला, आणि आपा म्हणाली की तिला ठराव एकोणीसमधलं तिचं मत बदलायचंय.

मित्र वकिली करायला लागला. झालेला ठराव असा फिरवता येत नाही, विशेष सभा लावावी लागते, विषय परत मांडावा लागतो. तो गंमत करत होता. आपा म्हणाली, व्हय, तसंच करा. जुनी फाइल काढा, तिचं बोलणं परत वाचा, मग मी मत देते. मी म्हटलं, आपा, कशाला, तुमचं ठरलंय ना, सरळ म्हाताऱ्याला सांगून टाकू. ती म्हणाली, न ऐकता मत द्यायला मी काय पहिल्या रांगेत बसलेय?

मित्रानं एकोणीस क्रमांकाची फाइल उघडली. जुना घाट, जुनी होडी, चौकोनी चेहऱ्याची म्हातारी. सहा वर्षांत मित्राचं इंग्रजीही पक्कं झालेलं. रोज इंग्रजीत तपासणीचे अहवाल लिहितो. आता मी गाळलं तर तो ऐकणार. पण खरं सांगतो, तो तिथं नसता तरी मी यावेळी काय केलं असतं हे मला माहीत नाही. स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून मी इथं खोटं लिहिणार नाही.

मी वाचलं. काठावर होते, हाक मारली. आणि मग हिवाळा. जखमी माणसं, याच काठावर, फुकट, तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत.

मशीन थांबलं. आपानं चष्मा वर केला.

"हे तवा न्हवतं."

मी म्हणालो की मित्राला पुढचं बटण दाबायची घाई असते, वाक्य पुरं व्हायच्या आत तो दाबतो, तेव्हा निसटलं असेल. त्याला तशी सवय होतीच, म्हणून हे पटण्यासारखं होतं. मित्रानं माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून कंट्रोलर पुसायला लागला. माझ्यासाठी तो ते अंगावर घ्यायला तयार होता, हे मला दिसलं आणि ते मात्र सोसवलं नाही. इतक्या कारखान्यांच्या फाटकांवर मी ओरडत आलोय की खालच्या माणसाच्या माथी दोष मारू नका.

"मी वाचलं न्हाई," मी म्हणालो. "दिसत होतं. मी गाळलं."

आपानं एवढंच विचारलं, का. मी सांगितलं: पिवळ्या उपरण्यांचा राग होता. मला ते मत हवं होतं.

तिनं मान हलवली, शिवायचं कापड परत सुईखाली सरकवलं आणि म्हणाली, मतदान घ्या. मित्राचं, राहू दे. आपाचं, राहू दे. माझंही, राहू दे. अख्ख्या वहीत एकमतानं झालेला तो पहिला ठराव. मग दुसऱ्या भागातल्या त्या म्हाताऱ्याला आम्ही सांगितलं की नावाडिणीला कुणी हात लावला नाही, ती तिच्या घाटावर राहिली. म्हातारा म्हणाला, छान गोष्ट आहे. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, कारण तो प्रत्येक उत्तराला तेच म्हणत होता.

त्या दिवशी आपा माझ्याशी फार बोलली नाही. पण पुढच्या गुरुवारी ये म्हणाली. घाट येईपर्यंत यायचं.

घाट यायला सात गुरुवार लागले. मुळ्या आणि पिसं. मी दर गुरुवारी एसटीनं जायचो आणि सगळं वाचायचो, एक अक्षर न गाळता. लोहाराचा हिवाळासुद्धा. आपा म्हणाली, ह्यो येडा हाय का? मी म्हणालो, लिहिणारे आहेत. घराला आग लागल्यावरही तो हिवाळ्यावर बोलला तेव्हा आपा इतकी हसली की टाचणी हरवली. माझ्याशी ती पूर्वीसारखी बोलते की काय, असं मला वाटायला लागलं होतं. बाकी सातही गुरुवार ती प्रत्येक वळणावर एकच विचारत होती. नदी आली का?

सातव्या गुरुवारी आली. आधी म्हटलं ती उत्तम नदी. चिखल, पक्ष्यांची पावलं. आपा मशीन सोडून उठली आणि आमच्या मागं खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. इतक्या वर्षांत ती पडद्यासमोर उभी राहिल्याचं मला आठवत नाही. ती ऐकणारीच होती.

घाटावर दगडी पूल होता. भव्य, कोरीव, बघत राहावा असा. पुलाच्या तोंडाशी चौकीवाला. मित्रानं त्याच्याशी बोलायचं बटण दाबलं. मी वाचलं: "नावाडीण? हो, होती म्हणे कुणीतरी. लोक काहीबाही सांगतात. आता पूल आहे."

एवढंच. पुढं काही नाही. काठाकाठानं हिंडलो, पाण्यात पोहून पलीकडं गेलो, झुडपं पाहिली. मित्र म्हणाला, थांब, आपण मत बदललं म्हणून काही बिघडलं असेल. आपली हाकलल्याची फाइल घालायची तर सात गुरुवार पुन्हा खेळावे लागले असते. पण नावाडिणीला हाकलून इथवर पोचलेल्या कुणा अनोळखी खेळणाऱ्याची सेव्ह फाइल त्यानं नेटवरून उतरवून ठेवली होती, ती उघडली. चौकीवाला तोच. वाक्य तेच. शब्दन् शब्द. हाकललं तरी लोक काहीबाही सांगतात, राहू दिलं तरी काहीबाही सांगतात.

नाही, फरक एक होता, अन्याय नको. आमच्या फाइलीत पुलाखाली एक पेटी सापडली आणि पेटीत नावाडिणीचं वल्हं. ते हातात धरून लढता येतं. तलवारीपेक्षा दोन गुण जास्त. ज्या बाईनं आयुष्यभर कुणाला मारलं नाही, जिचा सगळा गुन्हाच हाक मारील त्याला पार नेणं हा होता, तिचं वल्हं यांनी डोकी फोडायला दिलं. निर्णय जिवंत राहिला तो असा. हे लिहिणाऱ्यांना एखाद्या बैठकीत कुणीतरी विचारलं असेल की त्या म्हातारीचं काय करायचं, आणि कुणीतरी घड्याळाकडं बघत म्हणालं असेल, पूल बांधा. मला खात्री आहे की त्यांनी मतदान घेतलं नसेल.

मी बोलायला लागलो. जाहीर निषेधाची भाषा माझ्या जिभेवर तयारच असते. ग्राहकांची फसवणूक, मताचा अपमान, पोकळ आश्वासनं. मी पत्रक काढणार होतो, मराठीत आणि इंग्रजीत. मित्र कंट्रोलर मांडीवर ठेवून ऐकत होता. आपा परत मशीनवर जाऊन बसली होती. माझं संपेपर्यंत थांबली आणि मग शांतपणे बोलली.

"तुला माझं मत चोरावं तरी वाटलं. ह्यांना चोरायचीबी गरज पडली न्हाय."

मित्र हसला. मला हसता आलं नाही. आजवर माझ्याबद्दल इतकं वाईट कुणी बोललं नाही आणि इतकं बरंही.

मग ती म्हणाली, वही काढ. ठराव एकोणीस उघड. त्याखाली लिही.

मी लिहिलं. सवयीचा हात; वाक्य आपोआप आलं. "ठराव क्रमांक १९ संमत होतेवेळी नावाडिणीच्या निवेदनातील काही भाग अनवधानाने वाचनात राहून गेल्याचे निदर्शनास आले असून, सबब सदर ठराव रद्द समजण्यात यावा." मोठ्यानं वाचून दाखवलं.

आपा म्हणाली, "राहून गेला न्हाय. तू ठेवलास. कुणी, ते लिही."

मी ते वाक्य खोडलं. शाई इतकी गडद ओढली की मागच्या पानावर उमटली. पुन्हा लिहायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की माझ्या सगळ्या पत्रकांत मी समोरच्याला हेच विचारत आलोय. कुणी, ते लिहा. आणि माझी वेळ आल्यावर माझ्या हातानं त्यांच्याच कचेरीची भाषा काढली. दुसऱ्यांदा लिहिलं ते एवढंच: "आपाचं मत मिळावं म्हणून मी नावाडिणीचं अर्धं बोलणं मुद्दाम वाचलं नाही. तिनं जखमी बंडखोरांना हिवाळ्यात फुकट पार केलं होतं. हे आपाला माहीत असतं तर तिनं तिला राहू दिलं असतं." वाचून दाखवलं. सगळं, शेवटापर्यंत.

आपानं बोटावरचा दोरा सोडवला, चष्मा नाकावर घेतला आणि वही आपल्याकडं ओढून स्वतः एकदा वाचली. मराठी होतं. मग सही केली, मित्रानं केली, खाली मी केली.

"आता त्या पुलावरनं जावा पुढं," ती म्हणाली. "आणि ते वल्हं काय इकू नगा."

मित्रानं वल्हं सैनिकाच्या पाठीला लावलं. गेम आम्ही अजून खेळतोय, भिकार आहे तरी. ते वल्हं आम्ही कुणावर उगारलेलं नाही.